आईच्या बाजूच्या दाराखालचं भोक

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच केला आहे, तू मात्र तो आडवाच समज.) तुझं मागचं पत्र येऊन सहा आठवडे झाले आणि त्यात तू विचारलेल्या पाच प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर मी अजून दिलेलं नाही, याची मला जाणीव आहे. तुझा रक्तदाब, भाऊजींचा खोकला आणि भाऊजींच्या खोकल्यामुळे वाढणारा तुझा रक्तदाब, हे सगळं आटोक्यात असेल अशी आशा करतो. इथे आई ठीक आहे. ब्याऐंशी पूर्ण होऊन तीन महिने झाले, पण अजून सकाळी माझ्या शर्टाची बटणं जागेवर आहेत ना हे पाहिल्याशिवाय चहाला हात लावत नाही. मीही ठीक आहे. गाडीही ठीक आहे. या तीन वाक्यांपैकी शेवटचं वाक्य खरं करायला मला चार आठवडे लागले, आणि ते खरं आहे असं दुसऱ्या कोणाकडून लिहवून घ्यायला किती लागले ते सांगण्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो आहे.

तू मागेच म्हणाली होतीस, गाडी एकोणीस वर्षांची झाली, विकून टाक. तुझं बरोबर होतं. पण तुला आईच्या खुब्याचं ऑपरेशन आठवत असेल (तू तेव्हा तीन आठवडे इथे होतीस आणि माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे तू उंचीप्रमाणे लावलेस, ते अजून तसेच आहेत, त्यामुळे मला मीठ सापडत नाही). त्यानंतर आईला खाली वाकून कुठे बसता येत नाही आणि वर चढूनही बसता येत नाही. आपल्या गाडीची सीट नेमकी मधल्या उंचीची आहे. तिला बसावं लागत नाही की चढावं लागत नाही, ती नुसती मागे सरकते आणि आत असते. असं आसन दुसऱ्या गाडीत मिळेल का म्हणून मी दोन दुकानांतून मोजपट्टी घेऊन फिरलो, तेव्हा दुसऱ्या दुकानातल्या विक्रेत्याने मला पडदे शिवायचे आहेत का असं विचारलं. आणि गाडी नसेल तर बुधवारचं काय? दर बुधवारी दुपारी दोन वाजता मी आईला गावाच्या त्या टोकाला मावशीच्या वृद्धनिवासात नेतो. मावशी आता कोणालाच ओळखत नाही, फक्त आईला ओळखते. तेही नावाने नाही, ‘बुधवारची’ म्हणून. तेव्हा बुधवार चुकले तर ती ओळख किती टिकेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं, तिथल्या डॉक्टरलाही नाही. मी विचारलं होतं.

असो. तर एका सोमवारी मी गाडी वार्षिक तपासणीला नेली. मोठी पत्र्याची शेड, जमिनीत तीन खड्डे, भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्या आणि त्यांवर बसलेले लोक. सगळ्यांचे चेहरे दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे. आपला तपासनीस तरुण आणि सभ्य होता. दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, धूर पाहिला, सगळ्याला मान हलवली. मग खड्ड्यात उतरला आणि हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने गाडीच्या पोटाशी टकटक करत पुढे सरकू लागला. टक, टक, टक, आणि आईच्या बाजूच्या दाराखाली जी लांब पट्टी असते ना, तिथे आवाज झाला ‘भस’. त्याने स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला. त्याने तो हळूच बाहेर काढला, फडक्याला पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. ताई, मी एकतीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढली. दुकानदाराचा तराजू खोटा निघाला की मी नेमका असाच त्याच्याकडे पाहायचो. ती नजर समोरच्या बाजूने कशी दिसते हे मला पहिल्यांदाच कळलं.

नापास झाल्याची पावती घेऊन मी टायरच्या दुकानामागच्या डेंटरकडे गेलो. हा डेंटर म्हणजे जाडजूड, बोलका, कानावर पेन्सिल ठेवणारा माणूस, आणि ती पेन्सिल तो कधीच वापरत नाही. त्याने वाकून पाहिलं, म्हणाला, ‘काका, एवढंच ना? उद्या न्या.’ मंगळवारी संध्याकाळी गाडी तयार होती. भोकावर नवा पत्रा वेल्डिंग करून बसवलेला, वर रंग, रंगावर चकाकी. हात फिरवून सांगता आलं नसतं कुठे काय होतं ते. मजुरी अडीच हजार. मला वाटलं, विषय संपला. शुक्रवारी मोठ्या रुबाबात पुन्हा तपासणीला गेलो. तरुण तपासनीस रजेवर होता. खिडकीत एक बाई होत्या, चष्मा कपाळावर. त्या स्वतः बाहेर आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘काम छान झालंय. दाखला?’

‘कसला दाखला?’

‘काम छान झाल्याचा.’

मी म्हटलं, तुम्हीच आत्ता म्हणालात ना छान झालंय. त्या म्हणाल्या, ‘ते मी बाई म्हणून म्हणाले. खिडकी म्हणून म्हणायचं तर दाखला लागतो.’ मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. ती दाराखालची पट्टी शोभेची नसते, गाडीचा भार ती पेलते. बाजूने कोणी धडकलं तर आतला माणूस तिच्यावर अवलंबून असतो. म्हणून तिथे गंज लागून दुरुस्ती झाली, तर सरकारमान्य परीक्षकाने ती तीनदा पाहायची असते: काम सुरू होण्याआधी, काम चालू असताना आणि काम झाल्यावर. मग तो दाखला देतो. ‘तुमचं “आधी” झालेलंच नाही,’ बाई म्हणाल्या. मी विचारलं, आता काम झाल्यावर आधी कसं करायचं? त्या म्हणाल्या, ते त्यांनाच विचारा, आणि मला अकरा परीक्षकांची यादी दिली. अकरांपैकी सातांनी हे काम सोडलं होतं, दोघे फोन उचलत नव्हते, एकाच्या बायकोने तो आता मासे पाळतो असं सांगितलं. उरला एक. त्याचं नाव यादीत होतं, पण डेंटरच्या गॅरेजमध्ये त्याला सगळे ‘दाखलेवाला’च म्हणतात, तेव्हा मीही तसंच लिहितो. तो आपल्या भागात फक्त बुधवारी येतो, दुपारी दोनला. दर फेरीला तीन हजार. दाखल्याचे दीड हजार वेगळे.

(हो, बुधवारी. दोनला. मी फोनवर दुसरा वार होईल का म्हणून विचारलं. तो म्हणाला, होईल, पण दुसऱ्या गावात.)

पहिल्या बुधवारी दाखलेवाला आला. बारीक, उंच, साठीचा. स्वतःचा निळा डगला, स्वतःची सतरंजी, काठीच्या टोकाला बसवलेला आरसा, छोटी हातोडी आणि कार्बन घातलेली वही. सतरंजी अंथरून तो गाडीखाली गेला. पाच मिनिटांनी बाहेर आला, सतरंजी झटकली, घडी केली आणि म्हणाला, ‘रंग छान आहे.’ मी खूश. पुढे म्हणाला, ‘पण मला जे दिसत नाही त्यावर मी सही करत नाही. रंग काढा. पुढच्या बुधवारी येतो.’ आणि तीन हजारांची पावती फाडली. डेंटर भडकला. वीस वर्षं मी हे काम करतोय, माझ्या वेल्डिंगवर माणसं लग्नाला गेली आणि परत आली, वगैरे. दाखलेवाला ऐकत राहिला. तो वाद घालत नव्हता हेच फार वाईट होतं. मला राग यायला हवा होता, पण कसा येणार? एकदा एका सोनाराला मी शब्दशः हेच वाक्य ऐकवलं होतं, आणि तो बिचारा म्हणाला होता, साहेब, तुम्हाला दिसत नाही ही माझी चूक आहे का. मी तेव्हा घरी येऊन ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली होती.

त्या संध्याकाळी घरी पोचायला सात वाजले. आई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, दमलेली दिसत होती. मी म्हटलं, बुधवार चुकला. ती म्हणाली, ‘चुकला तर चुकला.’ मी म्हटलं, उद्या टॅक्सीने जाऊ. नको म्हणाली. टॅक्सीचं तिचं जमत नाही, गुडघे कानाशी येतात आणि बाहेर काढायला दोन माणसं लागतात. पण दुसऱ्या मंगळवारी रात्रीच्या जेवणाला मी सगळी हकीकत सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मला तो माणूस बघायचाय.’ टॅक्सीने? ‘टॅक्सीने,’ ती म्हणाली, ‘काढा दोन माणसांनी.’

तर दुसऱ्या बुधवारी आईची मिरवणूक गॅरेजमध्ये पोचली. तिला टॅक्सीतून डेंटरने आणि मी काढलं. तिच्यासाठी रंगाच्या डब्यांमधून एक खुर्ची मोकळी करण्यात आली. रंग घासून काढलेला होता, त्यामुळे नव्या पत्र्याची कड चकचकत होती. दाखलेवाल्याने हातोडीने हळू हळू ठोकायला सुरुवात केली. नव्या पत्र्यावर एक आवाज, आणि त्याच्या भोवती बोटभर अंतरावर दुसरा, पोकळ. तो उठून म्हणाला की नवा पत्रा चांगला आहे, वेल्डिंगही वाईट नाही, पण ते गंजलेल्या पत्र्याला धरून बसलंय. भोवतीचा पत्रा कागदाएवढा झालाय. जिथे धड पत्रा लागेल तिथपर्यंत कापून काढायला हवं आणि मग पुन्हा. मी दहा मिनिटं वाद घातला. मी भार, क्षेत्रफळ आणि सहनमर्यादा असे शब्द वापरले. डेंटरने माझ्या बाजूने मान हलवली, जरी त्याला आणि मला दोघांनाही ते शब्द कळत नव्हते.

‘मला दाखवा,’ आई म्हणाली.

आता आईला वाकता येत नाही हे उघड होतं. दाखलेवाल्याने एक क्षण विचार केला, मग आरशाची काठी गाडीखाली धरली, दुसऱ्या हाताने टॉर्च, आणि आरसा असा वळवला की खुर्चीत बसल्या बसल्या आईला आतली बाजू दिसावी. स्वतः तो त्यासाठी गुडघ्यांवर बसला, सतरंजी न अंथरता. आईने चष्मा बदलला. बराच वेळ पाहिलं. तुला माहीत आहे ती कशी पाहते ते. शाळेत शिवणाच्या तासाला मुलींनी शिवलेले झगे ती आधी उलटे करायची, आणि मुली त्या क्षणी रडायला लागायच्या.

‘जुन्या कापडाला ठिगळ लावलंय हे?’ तिने विचारलं.

‘हो आजी.’

‘आणि कापड विरलंय.’

‘चारी बाजूंनी.’

‘मग ठिगळ राहील आणि भोवतीचं फाटेल,’ आई म्हणाली. दाखलेवाल्याने आरसा खाली ठेवला. परमुलखात आपल्या गावाकडचा माणूस भेटावा तसा त्याचा चेहरा झाला. आई माझ्याकडे वळली. ‘उसवायला सांग.’

डेंटर म्हणाला, ‘आजी, डबल खर्च होईल.’

‘तुझा नाही, याचा होईल,’ आई म्हणाली. ‘आणि तू शिकलेला कारागीर आहेस, हात चांगलाय तुझा. घाई केलीस एवढंच. कापताना धड कापडापर्यंत जा, मध्ये दया दाखवू नकोस.’

डेंटर म्हणजे मला ‘काका’ म्हणत दहा मिनिटं माझ्या बाजूने लढणारा माणूस. तो कानावरची पेन्सिल काढून ‘हो आजी’ म्हणाला आणि कापायची रेघ आखू लागला. (पेन्सिल वापरताना मी त्याला तेवढंच पाहिलं.) त्यानंतर आई आणि दाखलेवाला पंचवीस मिनिटं बोलत होते. ती त्याला सांगत होती की रफू करताना दोरा कापडापेक्षा जाड नको, नाहीतर दोराच कापडाला कापतो. तो तिला सांगत होता की पत्र्याचंही तसंच आहे आणि हे गॅरेजवाल्यांना समजावता समजावता त्याचे केस गेले. या पंचवीस मिनिटांचे त्याने पैसे घेतले नाहीत. फेरीचे तीन हजार घेतले.

तिसरा बुधवार ‘चालू असताना’चा. डेंटरने धड पत्र्यापर्यंत कापलं होतं. त्या पहिल्या सोमवारी जे भोक स्क्रू-ड्रायव्हरच्या जाडीचं होतं ते आता जेवणाच्या डब्याएवढं झालं होतं आणि त्यातून मला गॅरेजची फरशी दिसत होती. आत काय निघालं सांगू? वर्तमानपत्र. घट्ट गोळा करून कोंबलेलं, त्यावर पुट्टी, त्यावर रंग. आपण गाडी घेतली त्याच्या आदल्या वर्षीचं. म्हणजे ही गाडी आपल्याला विकणाऱ्याने भोक कागदाने बुजवून विकली. गाडी घेताना भाऊजी बरोबर होते, आणि त्यांनी नेमकी तिथेच लाथ मारून ‘पत्रा दणकट आहे’ असं सांगितलं होतं, हे मी कोणाला दोष द्यावा म्हणून लिहीत नाही, केवळ नोंद म्हणून लिहितो. मी तो कागद जपून उलगडला. हवामानाचा अंदाज होता. कोरडं राहील म्हणे.

दाखलेवाल्याने कडा ठोकून पाहिल्या, फोटो काढले, वहीत लिहिलं, ‘बंद करा’ म्हणाला. मी तिथल्या स्टुलावर बसून राहिलो होतो. आता तुला खरं सांगायचं तर माझं लक्ष पत्र्यात नव्हतं. तिसरा बुधवार जात होता. अडीच वाजता निवासात चहाची ढकलगाडी फिरते, तेव्हा मावशी दाराकडे बघून बसते, हे मी किती तरी वेळा पाहिलं आहे. तिला महिना, साल काही कळत नाही, पण ढकलगाडी आली की कोणीतरी येणार एवढं कळतं. मी मनात हिशोब करत होतो की न आलेल्या माणसाला विसरायला किती वेळ लागतो. मी आयुष्यभर सगळं मोजत आलो, त्यामुळे मोजता न येणारं काही समोर आलं की मला बसवत नाही. मी उठून डेंटरच्या गॅरेजमधले पाने आकाराप्रमाणे लावून टाकले. दुसऱ्या दिवशी त्याला चौदा नंबरचा सापडेना म्हणून फोन आला. (म्हणजे हे आपल्या घराण्यातच आहे.)

घरी आलो तर आई पुन्हा तशीच, पाय वर, दमलेली. मी विचारलं, वाईट वाटतंय का? ‘कशाचं?’ ती म्हणाली. मी तो विषय वाढवला नाही. आमच्यात विषय वाढत नाहीत.

चौथा बुधवार, ‘झाल्यावर’. नवा पत्रा, आतून गंज न लागायचं औषध, वरून साधा रंग, चकाकी नाही. दाखलेवाल्याने एकदाच ठोकलं आणि हातोडी खिशात घातली. मग बॉनेटवर वही ठेवून त्याने दाखला लिहिला. पिवळा कागद, तीन फोटो, तीन सह्या. ‘आधी’च्या फोटोखाली त्याने प्रामाणिकपणे लिहिलं आहे: ‘दुसऱ्या वेळचं आधी’. जाताना म्हणाला, ‘आजींना नमस्कार सांगा.’ मला वाटतं त्या सबंध महिन्यात फुकट मिळालेली ती एकमेव गोष्ट.

दाखला घेऊन मी खिडकीतल्या बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, तिन्ही फोटो पाहिले आणि ‘उत्तम’ म्हणाल्या. मग पावतीवरची तारीख पाहिली. नापास झाल्यापासून अठ्ठावीस दिवसांत दाखला आणायचा असतो. आज तिसावा होता. ‘तुमचं नापास होणं संपलंय,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ही तर चांगली गोष्ट झाली. त्या म्हणाल्या, तसं नाही, आता पहिल्यापासून सगळी तपासणी, पूर्ण फी. ताई, मी भांडलो नाही. दुकानदाराची मुदत दोन दिवसांनी चुकली की मी काय म्हणायचो ते मला पाठ आहे. मी मुकाट्याने फी भरली आणि प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसलो. तोच तरुण तपासनीस. खड्ड्यात उतरला, टकटक करत आला, आईच्या बाजूला पोचल्यावर थांबला, पुन्हा ठोकलं, आणि वर डोकं काढून म्हणाला, ‘हे कोणी केलं हो?’ अगदी आदराने. आणि मग मला नापास केलं. नंबरप्लेटवरचा दिवा लागत नव्हता.

तो दिवा चाळीसला मिळाला. मी बाहेरच उभ्या उभ्या नाण्याने स्क्रू काढून तो बदलला. याला दाखला लागतो का असं मी दोनदा विचारलं. नाही लागत. पाच मिनिटांत पास.

खर्चाचं तू विचारणारच. दुरुस्ती दोन्ही वेळची मिळून साडेसहा हजार. ती दुरुस्ती झाली आहे असं सिद्ध करायला चार फेऱ्या, दाखला, दोन तपासण्या आणि आईची टॅक्सी धरून सोळा हजारांच्या वर. डेंटरने सहज म्हणून सांगितलं की गाडी विकायला काढली तर बारा येतील. म्हणजे उद्या कोणाला चोरी करायचीच असेल तर त्याने गाडी सोडावी आणि दाखला न्यावा.

पण पाचव्या बुधवारी दोन वाजता मी किल्ली घेतली, आई मागे सरकून आत बसली आणि आम्ही निघालो. सिग्नल सगळे लाल लागले तरी मला काही वाटलं नाही, उलट वाटेत मी बरीच बडबड केली असं आठवतं. निवासाच्या जिन्याशी मात्र मी थांबलो. मी आईला म्हटलं, तिने ओळखलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. आई आत गेली. ढकलगाडी नुकतीच येऊन गेली होती. मावशीने मान वर केली आणि म्हणाली, ‘आलीस? बस. चहा गार होतोय.’ मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात. चार आठवड्यांचा खंड तिच्या लक्षातही आला नव्हता. त्या आजाराने इतकं काढून घेतलं, एकदा तरी काही चांगलं केलं म्हणायचं. मला तिने नेहमीप्रमाणे नळ दुरुस्त करणारा समजून बेसिनची तक्रार सांगितली. मी नळ घट्ट करून दिला आणि थोडा वेळ बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. तिथे ऊन फार होतं, डोळ्यांना त्रास होतो.

असं सगळं. भाऊजींना नमस्कार. खोकल्याला गरम पाणी, आणि गाडी घेणार असाल तर लाथ मारण्याऐवजी हातोडी न्या असं सांग.

तुझा,
धाकटा

ता.क. तुझ्या पाच प्रश्नांची उत्तरं राहिलीच. हो, हो, नाही, अजून नाही, आणि गच्चीवर.

ता.क. दुसरा. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर लिहिता आलं नाही. दाखलेवाल्याने जाताना माझ्या बाजूची पट्टीही ठोकून पाहिली. ती दोन वर्षांत जाईल म्हणाला. म्हणजे हे सगळं पुन्हा. ते मी करीन, पैशाचं काही नाही. पण या महिन्यात माझ्या मनात आलं की आईला दर बुधवारी खरंच जायचं असतं, की मी दोन वाजता किल्ली वाजवत उभा राहतो म्हणून ती निघते? मावशीला खंड कळला नाही. आईही एकदासुद्धा कुरकुरली नाही. निवृत्त झाल्यापासून आठवड्यात माझं ठरलेलं असं ते एकच काम आहे, आणि मी माझ्यासाठी तिला हिंडवत असेन तर ते बरं नाही. मला विचारता येत नाही. विचारायला तोंड उघडलं की ती बटण बघते. तू तिला पत्र लिहून आडून विचार. नको म्हणाली तर दाखला ताजा आहे तोवर गाडी विकतो. मी विचारायला सांगितलं हे तिला कळता कामा नये. म्हणून पाकीट मी स्वतः चिकटवतो आहे. आई कोपऱ्यापर्यंत फिरायला जाते, ती पेटीत टाकेल.

चि. ताईस आईचे आशीर्वाद. पाकीट वाफेवर उघडलं आहे. याची पाकिटं मी हा पाचवीत असल्यापासून उघडते, याला अजून पत्ता नाही.

याने लिहिलंय ते बहुतेक खरं आहे. त्या चार बुधवारांपैकी तीन बुधवार मी बसने मावशीकडे गेले. एक बुधवार गॅरेजात गेला. बस कोपऱ्यावरूनच मिळते, थेट जाते. पुढची सीट याच्या गाडीपेक्षाही चांगली आहे, आणि चालवणारी बाई माझ्यासाठी पायरी खाली करते. कोणी एक शब्द बोलत नाही, खिडकीतून सगळं दिसतं. मला बस फार आवडली. परत येताना मात्र पाय दुखतात.

तरी तू मला विचारच, याने सांगितलंय तसं आडून. मी उत्तर लिहीन की गाडी हवी. घरात हा जेवताना चार शब्द बोलतो, त्यातला एक ‘मीठ’. गाडीत शेजारी बसलं आणि याची नजर रस्त्यावर असली की मग बोलतो. परवा जाताना तिसऱ्या सिग्नलपाशी म्हणाला की दोन वर्षं झाली, याला पहाटे तीननंतर झोप नाही. एका घरात राहून मला माहीत नव्हतं. मी नुसतं ‘हं’ म्हटलं, म्हणजे पुढच्या सिग्नलपर्यंत आणखी सांगेल. सांगितलं त्याने. ते तुला नंतर लिहीन.

दुसऱ्या बाजूचा पत्रा जाईल तेव्हा त्याचंही बघू. त्याआधी मीच गेले तर एवढं कर. त्याला सांग की सत्तावीस नंबरची बस मावशीकडे थेट जाते. दोनला पाच कमी असताना कोपऱ्यावर येते.